आवाज कुणाचा? सेंटरचा!

"काय म्हणाला रे तो?"

गेली दोन-तीन वर्षं आमच्या बोईसरच्या घरात पिक्चर बघायचा म्हणजे दर पाच मिनिटांनी हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बाबा. त्यांना उत्तर देईपर्यंत पुढचे दोन डायलॉग निघून जातात. मग आई वैतागते, मी मागे नेऊन परत लावतो, तोपर्यंत पिक्चरचा पार विचका झालेला असतो. शेवटी बाबा "तुम्ही बघा, मला नंतर गोष्ट सांगा" म्हणत गॅलरीत जाऊन बसतात.

टीव्हीचा आवाज वाढवून झाला. पण हल्लीच्या पिक्चरची गंमत तुम्हाला माहितीच आहे. हीरो पुटपुटतो म्हणून आवाज चाळीसवर न्यायचा आणि पुढच्याच सीनमध्ये गाडी उडाली की खालच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवायला हजर. भिंतीला टेकलेल्या चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. बिचारे खाली नाहीतर मागे तोंड करून बोलतात, आणि आपण म्हणतो नटांना बोलता येत नाही.

तर, घरात होम थिएटर आणायचं ठरलं. खरं सांगतो, बाबांसाठी वगैरे नाही, ते माझं जुनं स्वप्न होतं. मुंबईत भाड्याच्या वन आरकेत सबवूफर लावला तर घरमालक दुसऱ्या दिवशी सामान बाहेर काढेल. बोईसरला निदान बारा बाय पंधराचा हॉल आहे. बाबांचं कारण आईच्या गळी उतरवायला बरं होतं, इतकंच.

कॉलेजात असताना मी यात एकदा तोंडावर पडलोय. खोक्यावर भलामोठा स्टिकर होता, '२००० वॉट पीएमपीओ'. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी माळ्यावर असा एखादा खोका असेल. पीएमपीओ म्हणजे क्षणाच्या कितव्यातरी भागात मशीन जास्तीत जास्त किती उसळेल याचा कंपनीने स्वतःच धरलेला अंदाज. त्या सेटमधून खरे वीस-पंचवीस वॉट निघाले असतील तर नशीब. हे स्टिकर आता कमी झालेत, पण रिसीव्हरच्या खोक्यावरचा मोठा आकडा अजून तसाच डोळा मारतो. बारीक अक्षरात बघा. तिथे '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल चालू' असं असेल तर तो आकडा विसरा. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू' या ओळीपुढचा आकडा धरा. तो ६० असो की ८०, बॉस, फरक पडत नाही. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आपल्यासारख्यांच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी स्पीकर असेल तर नेहमीच्या आवाजाला एक-दोन वॉटसुद्धा पुरतात. बाकीचे धमाक्यासाठी.

खरेदीच्या आधीच एक गोष्ट घडली. बाबांना सर्दीने कान दुखतो म्हणून डॉक्टरकडे नेलं, त्यांनी कानाची तपासणी करून घ्यायला सांगितली. हातात एक आलेख आला. दोन्ही कानांच्या रेषा सुरुवातीला ठीकठाक आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारख्या खाली. डॉक्टरांनी एकच विचारलं, "नोकरी कुठे केलीत?"

तारापूर एमआयडीसी. कापडाच्या कारखान्यातल्या लूमच्या खात्यात एकोणतीस वर्षं.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा कान आधी नेमका तिथेच जातो, ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात. लूमच्या खात्यात आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर असतो. आठ तासांच्या पाळीला आपल्याकडे मर्यादाच नव्वदची आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात आवाजाने येणारं बहिरेपण नोंद करायच्या आजारांच्या यादीत होतं. हे मला त्या दिवशी कळलं. बाबांना तर आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. "कापूस घालायचो की कानात," एवढंच ते म्हणाले. लहानपणी ते पाळीवरून आले की मोठ्याने बोलायचे आणि आम्हाला वाटायचं, चिडलेत.

आणि मग त्या "काय म्हणाला रे तो"चा उलगडा झाला. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते त्यांना नीट पोचतात. म्हणून ते म्हणतात, "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत." शब्द वेगळे करणारे स, श, फ, थ मात्र वरच्या पट्टीत, बरोबर त्या विहिरीत. त्यांना 'साठ' आणि 'आठ' सारखेच. त्यात मागे म्युझिक सुरू झालं की संपलंच. म्हणजे माझं २००० वॉटचं स्वप्न त्यांच्या काहीच कामाचं नव्हतं.

इथे रिसीव्हरचं खरं काम सुरू होतं. ५.१ आवाजात सहा वेगवेगळे ट्रॅक असतात. पुढे डावा-उजवा, मागे दोन, एक सबवूफर आणि टीव्हीच्या खाली मधोमध सेंटर. पिक्चरमधलं बहुतेक सगळं बोलणं त्या सेंटरला दिलेलं असतं. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून थिएटरात डॉल्बी डिजिटल आलं, पण ही वाटणी त्याच्याही आधीची आहे. टीव्हीत या सहांचा काला होऊन दोन स्पीकरमधून बाहेर पडतो, मग बोलणं वेगळं उचलणार कसं? रिसीव्हर ते वेगळं ठेवतो. गाड्या उडोत, म्युझिक वाजो, तुम्ही फक्त सेंटर ३ डेसिबलने वर घ्यायचा.

साउंडबार का नाही, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. हॉल छोटा असेल, तारा नको असतील तर साउंडबार घ्या, फक्त त्याला खराखुरा सेंटर चॅनल आहे का आणि त्याचा आवाज वेगळा वाढवता येतो का ते बघा. मला मात्र स्पीकर स्वतः निवडायचे होते.

स्पीकर बोईसरलाच घेतले. दुकानातला मुलगा डेमोला हेलिकॉप्टर उडवतो. त्याला थांबवा. पेन ड्राइव्हवर आपल्या भाषेतला, भरपूर बोलणं असलेला सीन न्या आणि फक्त सेंटर ऐका. बाबांना सोबत नेलं होतं. त्यांनी दोन सेंटर ऐकून बोट दाखवलं ते स्वस्तातल्याकडे. मी निमूट घेतला. पैशांचं म्हणाल तर मी सर्वात जास्त खर्च सेंटरवर आणि पुढच्या दोघांवर केला, मागचे दोन अगदी साधे.

रिसीव्हरला मात्र लॅमिंग्टन रोड. कारण काय तर मॉडेलची निवड आणि घासाघीस. ग्रँट रोडला उतरून चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी अमेरिकेहून आलेला पीस फारच स्वस्तात मिळत होता. मागे बघितलं तर १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. थेट लावला की धूर, आणि ट्रान्सफॉर्मर लावला तरी इथली वॉरंटी नाही. काकाने न्यू जर्सीहून आणलेल्यालाही हेच लागू. बाकी यामाहा, डेनॉन, ओंक्यो यांत सुरुवातीच्या मॉडेलमध्ये धर्मयुद्ध करण्याइतका फरक नाही. तीनच गोष्टी बघा: माइक लावून खोली मोजायची सोय, एचडीएमआय ईआर्क, आणि बिघडला तर किती लांब न्यावा लागेल. आमच्यासाठी हे शेवटचं महत्त्वाचं, कारण आठ-नऊ किलोंचं ते खोकं मुंबई सेंट्रलहून विरार फास्टमध्ये आणि विरारला डहाणू लोकलमध्ये चढवताना माझ्या प्रेमाची परीक्षा झाली. पालघरला एका काकांनी विचारलं, "शिलाई मशीन काय?"

जोडणीत पहिला अडथळा आला तो भिंतीतच. प्लगला तीन पिना, सॉकेटला तीन भोकं, पण आत अर्थिंगची वायरच नाही! इलेक्ट्रिशियन म्हणाला, जुन्या बिल्डिंगमध्ये कॉमन आहे. आधी ते करून घेतलं. तरी स्पीकरमधून 'हूंऽऽ' चालूच. सेटटॉप बॉक्सची केबल काढली आणि घरात शांतता पसरली. गुन्हेगार ती केबल. अशा वेळी अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देणारे बरेच भेटतात. ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. आणि लाइट. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं ते हे तारापूर, आणि त्याच्या शेजारी आमची लाइट पहिल्या पावसात जाते. विजा चमकायला लागल्या की प्लग बाहेर, हा नियम आईने स्वतःकडे घेतलाय.

तारा शुद्ध तांब्याच्या घ्या, तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या नकोत. समुद्राची खारी हवा आणि वर एमआयडीसीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशात पहिलं आलं होतं, आमचा एकमेव पहिला नंबर. उघडी टोकं वर्षभरात काळी पडतात. पावसाळा संपला की टोक सेंटीमीटरभर कापून ताजं सोलायचं. लाल-काळं उलटं लागलं तर आवाज पोकळ होतो. माझा झाला होता. अर्धा तास मी रिसीव्हरला शिव्या घातल्या.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर असेल तर बहुतेकदा दोनच चॅनल बाहेर पडतात. तो 'पास थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम'वर आणा. हे न केल्यामुळे सहा स्पीकर असूनही स्टिरिओच ऐकणारे दोन मित्र मला माहीत आहेत, नावं सांगत नाही. सेंटर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका, कडेला आणा. आमचा टीव्हीखाली गुडघ्याच्या उंचीवर आहे, म्हणून पुढे दाराचं रबर लावून त्याचं तोंड वर केलं. रिसीव्हरच्या डोक्यावर मोकळी जागा हवी. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो मोठ्या मुत्सद्देगिरीने हलवला.

आता माइक. हा छोटा माइक कानाच्या उंचीवर ठेवायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतो, अंतर आणि पातळी मोजतो आणि जुळवून घेतो. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर बंद. आमच्याकडे तिसऱ्या स्पीकरला लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली, परत पहिल्यापासून. मी माइक ट्रायपॉडवर लावून सोफ्याच्या मधोमध ठेवला होता. सगळी पुस्तकं तेच सांगतात. आणि मग लक्षात आलं की मधोमध बसतो मी, तेही महिन्यातून दोनदा. बाबांची खुर्ची गॅलरीच्या दाराशी, उजव्या भिंतीला चिकटून. ट्रायपॉड उचलला आणि पहिलं माप तिथून घेतलं. माझ्या जागेवर आता उजवा स्पीकर जरा हळू ऐकू येतो. असो.

माप झाल्यावर हातानं तीन बदल केले. पुढच्या स्पीकरना रिसीव्हर 'लार्ज' समजला होता, ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झखालचं काम सबवूफरकडे दिलं. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी केली, म्हणजे पुटपुटणं वर आणि धमाका खाली. काकूंची बेल बंद. आणि सेंटर ३ डेसिबल वर, त्यातही ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचलून.

पहिला पिक्चर बाबांनी निवडला, 'सिंहासन'. १९७९ चा, म्हणजे ५.१ वगैरे काही नाही, साधा मोनो. मी मनात म्हटलं, एवढ्या तारा ओढल्या त्या यासाठी? पण रिसीव्हरचा डॉल्बी सराउंड मोड लावला की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज तो उचलून सेंटरला देतो. अरुण सरनाईक, डॉ. लागू, निळू फुले, सगळे त्या एका स्पीकरमधून बोलायला लागले. हेलिकॉप्टर नाही, धमाका नाही. सबवूफर तर झोपलाच होता. मध्यंतरापर्यंत बाबांनी एकदाही प्रश्न विचारला नाही. आई दोनदा वळून त्यांच्याकडे बघून गेली.

रिसीव्हर म्हणजे काही कानाचं मशीन नव्हे. बाजारात भाजीवाला 'साठ' म्हणाला तर बाबांना अजून 'आठ'च ऐकू येतं. हिअरिंग एडचं नाव काढलं की "म्हातारा झालो का मी" सुरू व्हायचं. सिनेमानंतर मी परत विषय काढला, तर म्हणाले, "तेही असंच करतं का? नुसतं बोलणं वर?" साधारण असंच, म्हटलं, ते तर तुमच्या आलेखाप्रमाणे लावून देतात. पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे.

दरम्यान आईची तक्रार आली आहे. सेंटर वर केल्यापासून तिला सगळे नट सापासारखे फुसफुसतात असं वाटतं. चार किलोहर्ट्झचा पट्टा मी निम्म्यावर आणलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.