बाळसें कीं सूज?

आमच्या आजीस तान्ह्या मुलांची विलक्षण पारख होती. शेजारचें मूल कोणी कौतुकानें तिच्या मांडीवर आणून ठेवलें आणि तें कितीहि गुबगुबीत दिसलें, तरी "छान बाळसें धरलें हो!" असें ती एकदम कधीं म्हणत नसे. अंगठ्यानें त्याचें पाऊल ती हलकेंच दाबून पाही. बोट उचलतांच खळी भरून आली म्हणजे तिचा चेहरा खुले. खळी तशीच राहिली, तर मूल मुकाट्यानें आईच्या हातीं देऊन वैद्याला दाखविण्याविषयीं सुचवी. वाढत्या मुलास दुखणीं यावयाचींच. दांत येतांना तें किरकिरणार, रांगतांना आपटणार. त्यांचें तिला भय नसे. भय असे तें न वाढतांच फुगलेल्या अंगाचें.

गेल्या महिन्यांत सोलापुरास आमच्या मामेभावांकडे जाण्याचा योग आला, तेव्हां या परीक्षेची प्रकर्षानें आठवण झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसींत दादांचा चादरी व टर्किश टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना आहे. सोलापुरी चादर कोणत्या मराठी घरांत नाहीं? परंतु ती जेथें विणली जाते तेथील गजराची कल्पना ती पांघरणारास सहसा नसते. यंत्रमाग चालू असतांना शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तरी त्याच्या कानाशीं तोंड न्यावें लागतें. म्हणून या वसाहतींत संध्याकाळीं फिरावें, तर प्रत्येक कारखान्याच्या दाराबाहेर कोणी ना कोणी कामगार एका कानास मोबाइल लावून व दुसरा कान तळहातानें झांकून उभा दिसावयाचाच. बोलणें कधीं मराठी, कधीं तेलुगु, कधीं कानडी. पद्मशाली विणकरांचे सोयरे तेलंगणांत. अक्कलकोटकडून येणारांचे आप्त हद्दीपलीकडे कलबुर्गीच्या बाजूस. मोबाइल कंपन्यांच्या नकाशांत मात्र महाराष्ट्र व गोवा हें एक सर्कल, कर्नाटक दुसरें, आंध्र तिसरें. त्यामुळें ज्याची मिळकत अपुरी, त्याचेंच बोलणें परमुलुखाचें आणि म्हणून महागाचें, असा उलटा न्याय येथें पुष्कळ वर्षें चालला होता.

कारखान्याच्या पाटीवर खालच्या अंगास एक निळी पट्टी दिसली. बाकीची पाटी फिकी झालेली, तेवढ्या पट्टीवर मात्र रंगाचा दुसरा हात. मीं विचारलें तेव्हां दादा हंसले व म्हणाले, "तिथं एका स्वस्त फोनची समाधी आहे."

त्या समाधीची हकीगत सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. 31 जुलै 1995 रोजीं ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं मोबाइलवर संभाषण केलें, तें आपल्या देशांतील या सेवेचें पहिलें बोलणें. आरंभींच्या त्या काळांत एका मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत असे, आणि आलेला फोन घेणारासहि पैसे पडत. दुसऱ्यानें आपणांस हांक मारावी व दंड आपण भरावा, ही चाल मे 2003 मध्यें बंद झाली. पुढें जून 2009 मध्यें टाटा डोकोमोनें एका सेकंदास एक पैसा असा दर लाविला आणि मिनिटाचा हिशेब सेकंदावर आला. मागाहून आलेल्या कंपन्यांत याहूनहि स्वस्ताईची चढाओढ लागली. युनिनॉर नांवाची कंपनी तर ज्या टॉवरवर ज्या वेळीं गर्दी कमी, तेथें त्या वेळीं सूट अधिक देई, व त्या सुटीचा आंकडा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसे.

याच दिवसांत, 2010 च्या दिवाळीस, दादांनीं आपल्या चाळीस कामगारांस एका नव्या कंपनीचीं सिमकार्डें घेऊन दिलीं. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ती आतां राहिलेली नाहीं. दोन सेकंदांस एक पैसा असा तिचा दर. दादांनीं स्वतःहि तिचा नंबर घेतला व पाटीवर रंगविला.

आतां हा दर कंपनीस कसा परवडत होता, तें पाहण्यासारखें आहे. दोन सेकंदांस एक पैसा म्हणजे मिनिटास तीस पैसे. परंतु एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाकडे पोंचविला, तर पोंचविणाऱ्या कंपनीस त्या वेळच्या नियमाप्रमाणें मिनिटास वीस पैसे द्यावे लागत. नव्या कंपनीचीं गिऱ्हाइकें मूठभर. तीं फोन करणार तो बहुधा जुन्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांसच. म्हणजे तिसांतील वीस शेजाऱ्याच्या घरीं गेले. उरलेल्या दहांत टॉवरचें भाडें, वीज, दुकानदाराची दलाली व नोकरांचा पगार! उलट बाहेरून फोन आले असते तर तेच वीस पैसे हिला मिळाले असते. परंतु लोक मोठे हिशेबी. ते जुनें कार्ड येणाऱ्या फोनांसाठीं ठेवीत व नवें केवळ करण्यासाठीं वापरीत. अशा रीतीनें नव्या कंपनीचें गिऱ्हाईक जितकें वाढे, तितका पैसा तिच्या घरांतून बाहेर जाई. तिच्या अंगावर जें चढत होतें त्यास बाळसें म्हणावें काय?

परंतु दादांच्या मनास लागून राहिली आहे ती गोष्ट पैशाची नव्हे. त्यांच्याकडे रात्रपाळीस एक विणकर होता. दोन कार्डांचा मोबाइल त्याच्यापाशीं नव्हता; म्हणून त्यानें जुनें कार्ड काढून ठेविलें व घरीं हाच नवा नंबर कळविला. चार महिन्यांनीं एके रात्रीं हद्दीपलीकडील गांवीं त्याच्या वडिलांस अकस्मात् अर्धांगाचा झटका आला. घरच्यांनीं रात्रभर फोन लाविला. कधीं मार्गावर गर्दी असल्याचें उत्तर येई, कधीं नुसतीच शांतता. पहांटेच्या एसटीनें गांवचा एक मनुष्य निरोप घेऊन आला, तेव्हां याला कळलें. अग्नि द्यावयास तो पोंचला, एवढेंच.

"कार्ड मी दिलं होतं," दादा म्हणाले. "स्वस्त म्हणून दिलं. तो परत आल्यावर त्याच्यासमोर उभं राहवेना. बोलून दाखवलं, तर तो काय म्हणाला ठाऊक आहे? 'मालक, कार्डाला कशाला बोल लावता? ह्याच कार्डावर चार महिने बापाशी रोज बोलायला मिळालं. आधी आठवड्यातून एकदा नुसता मिस्ड कॉल द्यायचो. तो वाजला की बाप समजायचा, पोरगा खुशाल आहे.'"

हें ऐकून मी निरुत्तर झालों. स्वस्ताईस नांवें ठेवणें ज्यांस महागाई परवडते त्यांना फार सोपें असतें. ज्या दरांत पिता-पुत्रांस खुशालीसुद्धां बोलून कळवितां येत नव्हती, ते जुने दर न्याय्य होते असें कोण म्हणेल?

पुढें 2 फेब्रुवारी 2012 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2008 मध्यें दिलेले 122 परवाने रद्द केले. ते मनमानी रीतीनें व 2001 च्या किंमतीस दिले गेले, असा ठपका होता. दादांच्या कंपनीनें गाशा गुंडाळला. युनिनॉरचें नशीब अधिक चमत्कारिक. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांतील लिलांवांत तिनें महाराष्ट्र व गोवा धरून सहा सर्कलांसाठीं पुनः बोली जिंकली. त्यामुळें सोलापुरांत ती राहिली, पण मुंबईंत फेब्रुवारी 2013 मध्यें तिला सेवा बंद करावी लागली. 2018 मध्यें ती एअरटेलमध्यें विलीन झाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली होती. दादांच्या कित्येक कामगारांनीं तिचा फायदा घेतला. खुद्द दादा मात्र मालाच्या घाईंत मुदत चुकले आणि पाटीवर निळा रंग चढला.

नव्या कंपनीचीं दुखणीं केवळ तिच्याच पोटांतून उद्भवतात असेंहि नाहीं. फोन हा दोघांचा व्यवहार आहे. शेजाऱ्यानें दार उघडल्यावांचून तो पुरा होत नाहीं. 5 सप्टेंबर 2016 रोजीं जिओची सेवा सर्वांस खुली झाली, तेव्हां हें साऱ्या देशानें पाहिलें. जुन्या कंपन्या पुरेशीं दारें उघडीत नाहींत, म्हणून आपल्या गिऱ्हाइकांचे शेंकडा 75 हून अधिक फोन फुकट जातात, अशी जिओची तक्रार होती. नियमानें गर्दीच्या वेळींहि हजारीं पांचांहून अधिक जातां कामा नयेत. जुन्या कंपन्यांचें म्हणणें असें कीं, फुकटच्या फोनांचा हा एकतर्फी लोंढा आम्हीं किती सोसावा? दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑक्टोबर 2016 मध्यें एअरटेल, व्होडाफोन व आयडिया या तिघींस मिळून 3,050 कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. शेजाऱ्यास पोंचवणावळ म्हणून द्यावयाचा दर तेव्हां मिनिटास 14 पैसे होता. 1 ऑक्टोबर 2017 पासून तो 6 पैसे झाला आणि 1 जानेवारी 2021 पासून अजीबात गेला.

जिओ टिकली, कारण मागें श्रीमंत आजोळ होतें. सगळ्याच घरांना तो धक्का सोसला नाहीं. 2017 च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सचे फोन थांबले, फेब्रुवारी 2018 मध्यें एअरसेलनें दिवाळें जाहीर केलें, व त्याच वर्षीं ऑगस्टांत व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या. खासगी कंपन्या तीनच उरल्या आणि जुलै 2024 मध्यें तिघींनींहि दर वाढविले. तेव्हां पुष्कळ लोक सरकारी बीएसएनएलकडे वळले. तिच्या स्वदेशी 4जी सेवेचें औपचारिक उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजीं झालें. घरांतील वडीलधारीस उतारवयांत नवे दांत येऊं लागले, असेंच म्हणावयाचें!

तात्पर्य, स्वस्त कार्ड घेऊं नये असें आमचें सांगणें नाहीं. घ्यावें, पण घेण्यापूर्वीं आजीप्रमाणें अंगठा दाबून पाहावा. आवाज तुटतो, टॉवर दूर आहे, या तक्रारी महिन्यागणिक कमी होत असतील तर तें दांत येण्याचें दुखणें समजावें व थोडी कळ काढावी. तक्रारी वाढत असून फुकटाची मुदत मात्र पुनःपुनः लांबत असेल, तर खळी भरून येत नाहीं असें जाणावें. बँकेंत, दवाखान्यांत व वृद्ध आईबापांपाशीं दिलेला नंबर नवख्याच्या स्वाधीन करण्याची घाई करूं नये. कंपनी बदलावयाची झाल्यास पोर्ट हा शब्द इंग्रजींत लिहून पुढें आपला नंबर घालावा व तो संदेश 1900 वर पाठवावा. मात्र चालू कंपनीकडे नव्वद दिवस झालेले असावे लागतात. आणि घरीं स्वयंपाकास किंवा धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईसहि ही गोष्ट समजावून सांगावी. कारण कंपनी बुडाली तर आपला एक नंबर जातो, तिचा गांवाशीं असलेला एकुलता एक धागा तुटतो.

निघतांना दिवेलागण झाली होती. तो विणकर अजून दादांकडेच आहे. दाराबाहेर एक कान झांकून तो कोणाशींसा कानडींत बोलत उभा होता. मीं दादांस विचारलें, "त्याचा नंबर कोणता आतां?"

"तोच," दादा म्हणाले. "2010 चा. कंपनी बुडायच्या आधी त्यानं तेवढा सोडवून घेतला. म्हणतो, बापाला पाठ होता."