ताब्यातील माणसाचा हिशेब

कोठडीत माणूस मेला की त्याच्या मृत्यूविषयी लोक जे बोलतात त्याला अधिकारी वर्ग अफवा म्हणतो, आणि अफवा पसरविणाऱ्यांवर कारवाई करण्याचे इशारे ज्या तत्परतेने निघतात ती तत्परता मृत्यूची नोंद करताना क्वचितच आढळते. या सदरात पोलीस, तुरुंग आणि न्यायासने यांच्या कारभाराविषयी लिहीत आलो असता माझ्या असे ध्यानात आले आहे की, अशा पुष्कळ प्रकरणांत पहिली अफवा गावाच्या तिठ्यावर उठलेलीच नसते. ती ठाण्याच्या दप्तरात, शाईने, वेळ घालून आणि सहीनिशी लिहिली गेलेली असते. ‘आरोपी पळून गेला’ ही ती अफवा होय.

सिंधुदुर्गातील वाचकाला याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागत नाही. पिंगुळीहून सावंतवाडी गाठावी आणि तेथून घाट चढून आंबोलीस जावे. पावसाळ्यात जेथे धबधब्याखाली भिजणाऱ्यांची रीघ लागते त्याच आंबोलीच्या महादेवगड परिसरात नोव्हेंबर 2017 मध्ये एक जळालेला मानवी देह सापडला, आणि तो सांगलीच्या अनिकेत कोथळे या सव्वीस वर्षांच्या तरुणाचा असल्याचे निष्पन्न झाले. लूटमारीच्या आरोपावरून त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला सांगली शहर पोलिसांनी पकडले होते. 6 नोव्हेंबरच्या रात्री ठाण्यातच झालेल्या अमानुष मारहाणीत तो मरण पावला, मग एका उपनिरीक्षकाने आणि त्याच्या हाताखालच्या शिपायांनी प्रेत गाडीत घालून कोल्हापूर जिल्हा ओलांडून आमच्या डोंगरात आणले आणि तेथे जाळले, असा पुढे त्यांच्यावर खटल्यात आरोप ठेवण्यात आला. दरम्यान सांगलीत मात्र दोघेही आरोपी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार झाल्याची नोंद झाली होती. म्हणजे ज्या घटकेला एका आईचा मुलगा राखेत पडला होता त्या घटकेला राज्याच्या कागदोपत्री तो फरार होता, आणि फरारी इसमाचा शोध घेणे हे ज्यांचे कर्तव्य त्यांनाच तो कोठे आहे हे नेमके ठाऊक होते.

हा बनाव फार दिवस टिकला नाही. याचे श्रेय कोथळे कुटुंबाच्या हट्टाला, सांगलीकरांच्या संतापाला आणि सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिलेल्या त्या सोबत्याच्या जबानीला द्यावे लागेल. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, संबंधित पोलीस बडतर्फ झाले, आणि त्या वेळी गृहखात्याचे राज्यमंत्री असलेले दीपक केसरकर, जे आमच्याच सावंतवाडीचे आमदार, त्यांना आपल्या खात्याच्या माणसांनी आपल्याच मतदारसंघात आणून टाकलेल्या या प्रेताविषयी उत्तरे देत फिरावे लागले.

त्या दिवसांत कुडाळ-पिंगुळीच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘पळालो कसलो, तेका मारल्यानी!’ हा निर्वाळा मी अशा माणसांच्या तोंडून ऐकला, ज्यांनी सांगली आयुष्यात पाहिलेली नव्हती. निर्वाळा खरा ठरला, हे मान्य. परंतु तो कोणत्याही पुराव्यावर उभा नव्हता. पोलिसांच्या कथनावर विश्वास न ठेवण्याची जी सवय आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जडली आहे तिच्यातून तो आला होता, आणि सवयीने काढलेला निष्कर्ष खरा निघाला म्हणून सवय विवेकाच्या पदवीला पोचत नाही. हेच लोक पुढच्या आठवड्यात त्याच ठामपणे ‘का मारले’ याच्या कथा सांगू लागले. पगाराचा वाद, कोणाची सुपारी, कोणाची झाकलेली भानगड, असे एकेक हेतू पुढे आले. आणि मेलेल्या माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा, जो करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, तो मात्र सविस्तर झाला. बातमी आणणे हे आमच्या पिंगुळी गावाला नवे नाही. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करीत गावोगाव हिंडणारे येथील ठाकर कलावंत सावंतवाडीच्या राजांसाठी मुलखाची खबर आणीत असत, असे परंपरा सांगते. पण त्या खबरीला आणणारा माणूस होता, आणि ती खोटी ठरली तर जाब विचारण्यासाठी तो दरबारात हजर असे. टपरीवरच्या तर्काला असा धनी नसतो.

माझी तक्रार लोक तर्क करतात ही नाही. माणूस सरकारच्या कुलपाआड गेला आणि परत आला नाही, तर तर्क न करणारा समाज मेलेला म्हणावा लागेल. माझी तक्रार तर्काच्या दिशेविषयी आहे. लोक हेतूचा शोध घेतात, आणि हेतू हा मनुष्याच्या अंतःकरणातील विषय असल्यामुळे त्याला अंत नसतो. वस्तुतः कोठडीतील मृत्यूच्या बाबतीत हेतू सापडला नाही तरी चालते. त्या व्यक्तीचा ताबा कोणत्या घटकेला कोणाकडे होता, त्याची नोंद कोणी केली, वैद्यकीय तपासणी कोणी केली आणि नातलगांना खबर कोणी दिली, एवढे कोरडे प्रश्न लावून धरले तर पुष्कळ काम होते. ठाण्यात जप्त होऊन आलेल्या सायकलीला मुद्देमालाचा क्रमांक पडतो, चिठ्ठी लागते, आणि ती कोणाच्या स्वाधीन केली याची पावती राहते. सायकल नाहीशी झाली तर मुद्देमाल कारकुनाला ‘ती पळून गेली’ असे लिहून सुटता येत नाही.

‘पळून गेला’ या सबबीचा इतिहास जुना आहे. डिसेंबर 1987 च्या पहिल्या तारखेस ओरिसातील सुंदरगढ जिल्ह्यात जराइकेला येथील पोलीस चौकीवर सुमन बेहेरा या बावीस वर्षांच्या मुलाला चोरीच्या तपासासाठी नेले. रात्री आई नीलाबती त्याच्यासाठी चौकीवर जेवण घेऊन गेली. आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत लोहमार्गावर आढळले. पोलिसांची कैफियत अशी की, पहाटे तीनच्या सुमारास बांधलेला दोर दातांनी कुरतडून तो पळाला आणि पुढे गाडीखाली सापडला. आईने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले, न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले, आणि 1993 मध्ये ही कैफियत फेटाळून दीड लाख रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम राज्य सरकारला दिला. दोराची कथा रचणाऱ्याला कल्पकतेचे गुण द्यावेत इतकी ती तपशीलवार होती. खोट्याला तपशिलाची फार हौस असते.

आमच्या महाराष्ट्रात याहून गाजलेले प्रकरण ख्वाजा युनूसचे. परभणीचा हा सत्तावीस वर्षांचा अभियंता दुबईत नोकरीस होता. घाटकोपरच्या 2 डिसेंबर 2002 च्या बाँबस्फोटाच्या संदर्भात त्याला त्याच महिन्यात अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये, त्याला औरंगाबादकडे नेत असता पारनेरनजीक गाडीला अपघात झाला आणि त्या गडबडीत तो निसटला, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या एका सहआरोपीने मात्र कोठडीत त्याला विवस्त्र करून मारल्याचे आणि तो रक्त ओकत असल्याचे आपण पाहिले, अशी साक्ष दिली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास झाला, तपासात चौदा पोलिसांची नावे पुढे आली, आणि सरकारने खटल्याची परवानगी चौघांपुरतीच दिली. त्या चौघांत सचिन वाझे होते, ज्यांचे निलंबन 2004 पासून चालू होते आणि ज्यांना जून 2020 मध्ये पुन्हा सेवेत घेण्यात आले. पुढे वर्षही उलटले नाही तोच ते दुसऱ्याच प्रकरणात स्वतः गजाआड झाले. युनूसचे प्रेत आजतागायत मिळालेले नाही. ज्या स्फोटाच्या आरोपावरून त्याला पकडले होते त्यातील बाकीचे आरोपी 2005 मध्ये निर्दोष सुटले. त्याच्या आईला 2012 मध्ये उच्च न्यायालयाने वीस लाखांची भरपाई मंजूर केली खरी, पण मुलगा मृत आहे की बेपत्ता, हा प्रश्न तिच्यापुढे एखाद्या तत्त्ववेत्त्यापुढे असावा तसा वर्षानुवर्षे उभा राहिला, कारण राज्याच्या पहिल्या कागदावर तो ‘पळालेला’ होता.

या सबबीची मोडतोड करण्याचे साधन कायद्यात आहे, आणि ते टपरीवरच्याच काय, पुष्कळ सुशिक्षितांच्याही माहितीत नसते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 176 मध्ये एक पोटकलम घालण्यात आले आणि ते जून 2006 मध्ये अमलात आले. पोलिसांच्या ताब्यातील व्यक्ती मरण पावली किंवा नाहीशी झाली, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी केलीच पाहिजे, असे ते सांगते. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आली आहे. मरणे आणि नाहीसे होणे या दोन गोष्टी संसदेने एकाच ओळीत बसविल्या यातील शहाणपण मला मोठे वाटते. ताब्यातील माणूस सापडत नाही म्हटले की कायद्याच्या दृष्टीने तो मेल्याइतकाच गंभीर प्रसंग होय. ‘पळाला’ म्हटल्याने चौकशी टळत नाही, उलट तेथेच सुरू होते. याच्याही आधी, 1993 च्या डिसेंबरात नव्यानेच स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने, कोठडीतील मृत्यूची खबर चोवीस तासांत आली नाही तर ती दडविण्याचा प्रयत्न झाला असे गृहीत धरले जाईल, अशी ताकीद जिल्हाधिकाऱ्यांना व पोलीस अधीक्षकांना दिली होती. डी. के. बसू यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या 1996 च्या निकालाने अटकेचा लेख, त्यावर साक्षीदाराची सही, नातलगाला खबर आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सर्व बंधनकारक केले. त्याच न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष जपण्यास सांगितले. साधनांचा तुटवडा नाही, असे यावरून दिसेल.

तरीही घोडे पेंड कोठे खाते, हे परभणीच्याच दुसऱ्या एका मृत्यूने दाखविले. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी डिसेंबर 2024 मधील परभणीच्या दंगलीनंतर पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. सरकारपक्षाने आजारपणाकडे बोट दाखविले; शवविच्छेदनाने शरीरावरील अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याकडे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली आणि तिने पोलिसांवर ठपका ठेवला. येथवर कायदा आपल्या पायांनी चालत आला. पण अहवाल हाती आल्यावर गुन्हा कोणी नोंदवायचा आणि किती दिवसांत, याविषयी संहिता मौन पाळते, आणि त्या मौनाचा फायदा घेऊन अहवाल बासनात गुंडाळून ठेवता येतो. सोमनाथच्या आईला त्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. खंडपीठाने 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेस तेथे हरले. एका आईविरुद्ध दिल्लीपर्यंत जाण्याची सरकारची ही चिकाटी अन्य लोकोपयोगी कामांत दिसती तर आमचे घाटरस्ते केव्हाच दुरुस्त झाले असते!

जी फट खुद्द संहितेत राहिली आहे ती बुजविण्यासाठी दर वेळी एका मातेने न्यायालयाची पायरी चढावी, ही व्यवस्था कोणत्याही सुसंस्कृत राज्याला शोभत नाही. दंडाधिकाऱ्याचा अहवाल तयार होताच त्याची प्रत विनाअर्ज नातलगांच्या हाती पडावी, ठपका असेल तर ठरावीक मुदतीत मृताचा ताबा ज्या ठाण्याकडे होता त्या ठाण्याबाहेरील अधिकाऱ्याने गुन्हा नोंदवावा, आणि तसे न केल्यास विलंबाची लेखी कारणे जिल्हा न्यायाधीशापुढे रुजू करावी, एवढे तीन नियम राज्य सरकारने केले तरी पुरे होईल. सिंधुदुर्गातील तिन्ही आमदारांना, पक्षभेद बाजूस ठेवून, येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारता येण्यासारखा आहे. आणि ज्या जिल्ह्याच्या डोंगरात सांगलीचे प्रेत आणून जाळले गेले त्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी तो विचारावा याला विशेष औचित्यही आहे.

— पिंगुळीकर