एका मूक हिमपटाचे पाठभेद

स्वित्झर्लंडच्या एंगाडीन प्रदेशात बर्निना पर्वतराजीमध्ये पिट्स पाल्यू नावाचे सुमारे 3,900 मीटर उंचीचे हिमशिखर आहे. त्याच्या कड्यांवर अडकलेल्या तीन जीवांची कथा सांगणारा ‘पिट्स पाल्यूचा शुभ्र नरक’ हा जर्मन मूकपट आर्नोल्ड फांक आणि गेओर्ग विल्हेल्म पाब्स्ट या दोन दिग्दर्शकांच्या सहकार्यातून 1929 साली अवतरला. पर्वतावरील दृश्यांचा भार मुख्यत्वे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या फांक यांनी वाहिला. बर्फाच्या कपारीवर मृत्यूची वाट पाहणारी लेनी रीफेनश्टाल, त्या तिघांचा शोध घेत दऱ्याखोऱ्यांतून विमान फिरवणारा एर्न्स्ट उडेट आणि मशालींच्या उजेडात हिमविवरांत उतरणारे गावकरी ज्याने एकदा पाहिले, त्याला या कृतीच्या श्रेष्ठतेचा आणखी दाखला नको.

परंतु आपण पाहतो ती कृती नेमकी कोणती, हा प्रश्न तरीही उरतोच. 1929 साली विली श्मिट-गेंट्नर यांच्या संगीताच्या साथीने दोन तासांहून अधिक चाललेला हा चित्रपट बोलपटांचे युग स्थिरावल्यावर, 1935 साली, कापून सुमारे दीड तासाचा करण्यात आला आणि जुझेप्पे बेच्चे यांचे संगीत त्याच्या फितीवरच कायमचे जखडले गेले. पुढे 1990 नंतरच्या दशकात जर्मनीच्या संघीय चित्रपट-संग्रहालयाने त्याचा दीर्घ पाठ पुन्हा सिद्ध केला, आणि त्यासाठी ॲशली अर्विन यांनी नवे संगीत रचले.

दीर्घ पाठ हाती आल्यावर 1935 ची नक्कल निरुपयोगी ठरली, असे मानण्याचा मोह स्वाभाविक असला तरी तो घातक आहे. त्या काटछाटीत कुर्ट गेरोन या ज्यू नटाचे दृश्य वगळले गेले होते, आणि हाच गेरोन 1944 साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारला गेला. एखाद्या राजवटीने माणसाला आधी पडद्यावरून आणि मग जगातून कसे नाहीसे केले, याचा अस्सल पुरावा त्या खंडित प्रतीतच आहे. ती दप्तरातून काढून टाकणे म्हणजे अन्यायाची नोंदच पुसून टाकणे होय.

संगीताचीही गोष्ट याहून निराळी नाही. कपारीवरील त्या प्रदीर्घ प्रतीक्षेत पात्रांचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, म्हणून त्या क्षणी आशा धरावी की भय, याचा निर्णय बहुतांशी वाद्यवृंदच करतो. सारांश, संगीत बदलले की अर्थ बदलतो, आणि नवे संगीत कितीही समर्थ असले तरी ते त्या चित्रपटाचे भाष्य असते, मूळ संहिता नव्हे.

पाठभेद जपण्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना स्वीकृत पाठाखाली अस्वीकृत पाठही छापले आणि निवाडा करण्याचा वाचकाचा हक्क अबाधित ठेवला. सामान्य प्रेक्षकाला इतका तपशील कशाला, त्याला उत्तम प्रत दाखवली म्हणजे पुरे, असा आक्षेप कोणी घेईल; पण उत्तम कोणती हे ठरवण्याची मुखत्यारी संग्रहपालाकडे सोपवायची, तर त्याने आपल्या निवडीची कारणे उघड सांगितली पाहिजेत. म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी की, मूकपट दाखवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आरंभीच प्रत कोणत्या सालची, तिची लांबी किती, तीत काय वगळले आहे आणि संगीत कोणाचे व केव्हाचे, एवढा मजकूर पडद्यावर द्यावा. ज्या प्रतीवर एवढी नोंद नाही, ती चित्राने कितीही निर्मळ असली तरी अपुरीच समजली पाहिजे.