दुसऱ्याच्या घरात डोकावताना

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात पूर्वी पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा होती. 1890 साली ती प्रथा सोडल्याचं पंथानं जाहीर केलं, पण पुरोहितपद आजही पुरुषांनाच. हे ऐकून आपण चटकन नाक मुरडतो. जरा आपल्या अंगणातही बघूया की!

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी तरुण मुलांना शिकवावं, याला बिशपांनीच हरकत घेतली. त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

1869 च्या कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार तेवढा पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य, परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ते बदलायला 2001 साल उजाडलं.

2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना अधिकृतपणे खुली केली. चांगलं झालं. आता भेस्तान असो वा वसई, चर्च झाडणाऱ्या, फुलं सजवणाऱ्या, धर्मशिक्षण देणाऱ्या बायांचा शब्द पॅरिश कौन्सिलमध्येही ऐकला जावा. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना प्रथम सांगितली ती मग्दालीया मरीयेनंच ना?

— एक निवृत्त शिक्षक, भेस्तान, सुरत