उन्हात अडून बसणारी गाडी

मे महिना म्हणजे लग्नं, मुंजी आणि इंदूरहून धुळे-नाशिककडे फेऱ्या. घरात कुणी जुनी फियाट किंवा पद्मिनी हौसेने सांभाळली असेल, तर या महिन्यात तिचा एक स्वभाव हमखास दिसतो. घाट चढून आल्यावर चहासाठी दहा मिनिटं थांबायचं आणि मग गाडी सुरूच होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन काही पकडत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात.

कारण अगदी साधं आहे. पाणी 100 अंशांना उकळतं, पण पेट्रोल अनेक घटकांचं मिश्रण असतं आणि त्यातले हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनलाच लावलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यामुळे ते आणखी लवकर उकळतं. नळीत वाफ भरली की पंप नुसता वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. स्ट्रॉने उसाचा रस पिताना तोंडात नुसती हवा यावी, तसंच.

मग चालताना न अडलेली गाडी थांबल्यावर का अडते? इंजिन बंद झालं की पंखा आणि पाण्याचं फिरणं थांबतं, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता तिथेच राहते. बॉनेटखालचं तापमान थोडा वेळ उलट वाढतं. धुळ्याहून परतताना आधी बिजासन घाट, मग नर्मदा ओलांडल्यावर मानपूरचा चढ आणि वर निमाडचं ऊन. पद्मिनीने रुसायला एवढं पुरे.

अशा वेळी काय करायचं? आमच्या धंद्यात 'बंद करून चालू करा' हा रामबाण उपाय. इथे मात्र बंद करून थांबावं लागतं. सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीही जाईल. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, बॉनेट उघडा, वीस-तीस मिनिटं वाट बघा. पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवलं तर काम लवकर होतं. पाणी डिस्ट्रिब्युटरवर जाऊ देऊ नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तेवढ्या वेळात आजी-आजोबा आणि लहान मुलांना गाडीत बसवून ठेवू नका. त्यांना रहदारीपासून दूर, सावलीत बसवा आणि पाणी द्या. गाडी अर्ध्या तासाने निघेल, पण ऊन लागलेलं माणूस इतक्या लवकर सावरत नाही.

दोन गोष्टी मात्र व्हेपर लॉक समजू नका. तापमानाचा काटा लाल पट्टीत असेल किंवा रेडिएटरमधून वाफ येत असेल, तर इंजिन तापलंय. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. आणि पेट्रोल गळताना दिसलं किंवा उग्र वास आला, तर सेल्फ मारू नका. सगळ्यांना लांब न्या आणि मेकॅनिकला बोलवा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. उन्हाळ्याआधी नळ्या तपासून घ्या, एक्झॉस्टजवळून जाणारी नळी दूर बांधून घ्या.

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो. तो पेट्रोल ओढत नाही, साधारण तीन बार दाबाने ढकलतो. दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही. म्हणून नवी गाडी उन्हात बंद पडली तर ओल्या फडक्यावर विसंबू नका, कारण वेगळंच असेल. हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, तेव्हा टाकी पाव तरी भरलेली ठेवा.

जुनी गाडी नेणार असाल तर पहाटे निघा, घाट चढल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग बंद करा, आणि डिकीत एक जुनं फडकं व पाण्याचा कॅन टाका. प्रवास सुखाचा होवो!