पुसलेल्या गावाचा पत्ता

ऑक्टोबर २०२३ नंतर तुमच्या फीडवर गाझातल्या एखाद्या कवीची कविता येऊन गेली असणारच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर इंग्रजी अनुवाद, कोपऱ्यात ऑलिव्हची फांदी. तुम्ही ती स्टोरीला टाकलीही असेल. एक गोष्ट मात्र लक्षात आली का? या कवितांत घोषणा फारशा नसतात. घर असतं, किल्ली असते, झाड असतं आणि गावाचं नाव असतं.

हे असं का, ते समजून घ्यायला जवळपास दीड हजार वर्षं मागे, अरबस्तानच्या वाळवंटात जावं लागतं. तिथल्या बेदुइन टोळ्या चारा-पाण्यामागे फिरायच्या. दोन टोळ्या एका पाण्यावर उतरल्या की ओळखी व्हायच्या, कुणीतरी कुणाच्या तरी प्रेमात पडायचं, मग ऋतू पालटला की तंबू उठायचे. काही काळाने कवी त्याच जागी येतो, उंट थांबवतो. समोर काय, तर चुलीचे काळवंडलेले दगड आणि तंबूभोवतीचा बुजत आलेला चर. या खुणांना अरबीत ‘अतलाल’ म्हणतात. सहाव्या शतकातल्या इम्रुल कैसपासून कितीतरी कवींच्या दीर्घ कविता, म्हणजे कसीदे, याच दृश्याने सुरू होतात. आणि कवी नुसता रडत नाही बरं का, तो आसपासच्या जागांची नावं घेतो. जवळपास पत्ताच सांगतो म्हणा ना.

पुढे याचा इतका साचा झाला की बगदादच्या अबू नुवासने त्याची चक्क टिंगल केली. पडक्या जागांशी काय बोलत बसायचं, त्यापेक्षा दारूचा गुत्ता गाठावा, असा त्याचा एकूण सूर. पण साचा मेला नाही. इजिप्तच्या उम्म कुलसुम यांनी १९६६ मध्ये गायलेलं गाजलेलं गाणं ‘अल-अतलाल’ याच नावाचं आहे. यूट्यूबवर आहे, निवांत वेळ काढून ऐका.

वाळवंटातली टोळी आपल्या पायाने उठून गेली होती. १९४८ मध्ये तसं झालं नाही. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी बेघर झाले. काहींना हाकललं, काही जीव वाचवायला पळाले आणि परतायची परवानगी जवळपास कुणालाच मिळाली नाही. शेकडो गावं उजाड झाली. अक्का शहराजवळचं अल-बिरवा त्यातलंच एक. महमूद दरवेश १९४१ मध्ये तिथे जन्मले. कुटुंब लेबनॉनला गेलं, वर्षभराने लपतछपत परतलं, तर गावच उरलं नव्हतं. वर कायद्याने त्यांच्यासारखे लोक ‘हजर-गैरहजर’ ठरले. म्हणजे माणूस देशात हजर, पण स्वतःच्या जमिनीपुरता गैरहजर! अल-बिरवाच्या जमिनीवर आज यासूर हा किबुत्झ आणि अहिहूद ही वस्ती आहे.

दरवेश २००८ मध्ये गेले. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या संग्रहात ‘तललिय्यत अल-बिरवा’ नावाची कविता आहे. नावातला ‘तलल’ म्हणजे ‘अतलाल’चंच एकवचन. इम्रुल कैसने केलं तेच त्यांनी केलं, उद्ध्वस्त जागेपुढे थांबले. फक्त ही जागा कुणी सोडून गेलेली नव्हती, पुसलेली होती. गावाचं नाव नकाशावर राहिलं नाही, तर ते कुठेतरी लिहून ठेवावंच लागतं. म्हणून मला वाटतं, या कविता तुम्ही नुसत्या विरहाच्या म्हणून वाचल्यात तर अर्ध्याच वाचल्यात. त्या सातबाऱ्याचं काम करतात.

अतिशयोक्ती वाटते? मग राजकारण्यांकडे बघा. १९८८ मध्ये पंतप्रधान यित्झाक शामीर यांनी इस्रायलच्या संसदेत दरवेशांच्या एका कवितेवर संताप व्यक्त केला. २००० मध्ये शिक्षणमंत्री योसी सारिद यांनी त्यांच्या कविता शाळेत ऐच्छिक म्हणून शिकवायचं ठरवलं, तर पंतप्रधान एहुद बराक म्हणाले, देश अजून त्यासाठी तयार नाही. २०१६ मध्ये लष्कराच्या रेडिओवर दरवेशांवर कार्यक्रम झाला, तर संरक्षणमंत्र्यांनी रेडिओच्या प्रमुखालाच बोलावून घेतलं. खरं तर घराची ओढ हिब्रू कवितेला अनोळखी नाही. मध्ययुगीन स्पेनमध्ये बसून यहुदा हलेवी जेरुसलेमसाठी झुरत होता. अशा कवितेत किती ताकद असते हे इस्रायलला नीट ठाऊक आहे, असं मला वाटतं.

आता थोडं आपल्या बोलण्याकडे या. ‘वतन’ हा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ मायभूमी, आपल्याकडे तो फारसीमार्गे आला आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या पिढीजात हक्काच्या जमिनीला चिकटला. ‘गरीब’सुद्धा अरबीच, पण मूळ अर्थ परका, घरापासून दूर पडलेला. अरबी कवी ज्याला ‘गुर्बा’ म्हणतात ते परकेपण याच धातूतून येतं. आणि पॅलेस्टिनी निर्वासित ज्या परतीच्या हक्कासाठी भांडतात, त्यातला ‘हक्क’ तर तुम्ही-आम्ही रोज वापरतो. ‘बैत’ची तऱ्हा आणखी वेगळी. अरबीत घरालाही बैत म्हणतात आणि कवितेच्या ओळीलाही.

गाझात या सगळ्याला आणखी एक थर चढलाय. हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यानंतर युद्ध पेटलं, त्याआधीच तिथले सुमारे ७० टक्के लोक १९४८ चे निर्वासित किंवा त्यांचे वंशज होते. आजी-आजोबांनी सांगितलेलं गाव नातवंडांनी कधी पाहिलेलंच नाही. त्यांच्यासाठी घर म्हणजे निर्वासितांची छावणी, तिथल्या अरुंद गल्ल्या. या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे १९ लाख लोक, म्हणजे दहातले नऊ, विस्थापित झाले. आता आठवण येते ती त्या छावणीचीच, जी मुळात तात्पुरती म्हणून उभी राहिली होती.

अरबीत लिहिणारी कवयित्री आणि कादंबरीकार हिबा अबू नदा २० ऑक्टोबर २०२३ ला हवाई हल्ल्यात मारली गेली. वय ३२. मुसअब अबू तोहा प्रामुख्याने इंग्रजीत लिहितो. त्याचा जन्म १९९२ चा, शाती छावणीतला. त्याच ऑक्टोबरात त्याचं घर बॉम्बने पडलं, आत पुस्तकं होती. गाझातल्या अनुभवांवरच्या निबंधांसाठी २०२५ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. घर ज्या गावात होतं त्याचं नाव बैत लाहिया. बैत, म्हणजे घर.