हसविणारा निर्वासित आणि बंद झालेला किनारा

परक्या माणसाला एखाद्या समाजाने खऱ्या अर्थाने आपले म्हटले आहे किंवा नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. तो माणूस त्या समाजाची थट्टा करू शकतो काय, आणि त्याने ती केली असता समाज संतापतो की त्याच्याबरोबर हसतो, एवढेच पाहावे. या कसोटीवर ऑस्ट्रेलिया एका बाबतीत उत्तम उतरला आहे. व्हिएतनाममधून नौकेने निसटलेला आन डो हा निर्वासित मुलगा पुढे त्या देशाचा अत्यंत लोकप्रिय विनोदकार झाला. परंतु ज्या देशाने त्याला डोक्यावर घेतले, त्याच देशाने त्याच्यासारख्या मुलांना घेऊन येणाऱ्या नौकांना गेली अनेक वर्षे आपला किनारा बंद केला आहे. या दोन गोष्टी एकाच समाजात सुखाने कशा नांदतात, याचा विचार केला पाहिजे.

आन डो याचा जन्म १९७७ मध्ये सायगावचा. तत्पूर्वी दोनच वर्षे, एप्रिल १९७५ मध्ये, ते शहर उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती पडले होते. १९८० मध्ये त्याचे कुटुंब एका लहानशा मच्छीमार नौकेतून समुद्रात शिरले, तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. नौकेत सुमारे चाळीस माणसे होती. चाच्यांच्या एका टोळीने नौकेच्या दोन इंजिनांपैकी एक पळविले. नादुरुस्त झालेले दुसरे इंजिन आनच्या वडिलांनी रबरी चपलेचा तुकडा वापरून चालू केले, तर दुसऱ्या टोळीने तेही काढून नेले. जाता जाता एका चाच्याने पाण्याचा एक डबा मागे फेकला. त्या पाण्यावर नौकेतील एक सोडून बाकी सर्व जगले आणि अखेरीस एका जर्मन व्यापारी जहाजाने त्यांना उचलून घेतले. तेथून हे कुटुंब मलेशियातील पुलाऊ बिडाँग बेटावरील निर्वासितांच्या छावणीत पोहोचले आणि तेथून ऑस्ट्रेलियात.

हा सारा प्रवास एका कुटुंबाच्या धैर्याची कथा म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यही आहे. तथापि, तेवढ्याने कथा पूर्ण होत नाही. १९७९ मध्ये या एकट्या बेटावर सुमारे चाळीस हजार माणसे कोंबलेली होती. मलेशिया त्यांना ठेवून घ्यावयास तयार नव्हता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि निरनिराळ्या राष्ट्रांनी दोन लाख साठ हजार निर्वासितांना सामावून घेण्याचे वचन दिले. ऑस्ट्रेलियात तेव्हा माल्कम फ्रेझर यांचे सरकार होते. १९०१ पासून चालत आलेले गौरेतरांना मज्जाव करणारे धोरण विधिवत गुंडाळले गेले त्याला जेमतेम सहा वर्षे झाली होती, आणि लोकमत आशियाई निर्वासितांना अनुकूल नव्हते. तरीही फ्रेझर यांच्या कारकिर्दीत पन्नास हजारांहून अधिक व्हिएतनामी तेथे स्थायिक झाले. व्हिएतनामच्या युद्धात सुमारे साठ हजार ऑस्ट्रेलियन लढले होते. युद्धात भाग घेणाऱ्याने युद्धाच्या परिणामांतही वाटा उचलला पाहिजे, ही जाणीव त्या निर्णयामागे होती. आन डोच्या पुढील यशात या निर्णयाचा वाटा त्याच्या बुद्धिमत्तेइतकाच मोठा आहे.

सिडनीतील आयुष्य काही सोपे नव्हते. आई घरी कपडे शिवून संसार चालवीत असे. मुलगा तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. अशा घरातील मुलाने वकील व्हावे, हीच कोणाचीही अपेक्षा असणार. आननेही विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु ते पुरे होता होता तो विनोदाकडे वळला. त्याचे कारण तो गमतीने असे सांगतो, की वकिलांच्या कचेरीत आठवड्याला साठ तास राबावे लागते आणि विनोदकाराला केवळ चार तास! २०१० मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलियन पुस्तक व्यवसायाने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान दिला. पुढे तो मुलांसाठी लिहू लागला, चित्रे काढू लागला. २०१४ मध्ये त्याने काढलेले वडिलांचे व्यक्तिचित्र आर्चिबाल्ड या नामवंत स्पर्धेत अंतिम निवडीपर्यंत गेले. त्याचा धाकटा भाऊ खोआ नौकेत होता तेव्हा तान्हा होता. तो चित्रपट दिग्दर्शक झाला आणि २००५ मध्ये त्याला 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा किताब मिळाला.

'स्टँड-अप कॉमेडी' हा प्रकार आपल्याकडील एकपात्री प्रयोगाच्या जवळचा आहे. पण एक भेद महत्त्वाचा. येथे नट दुसऱ्याची भूमिका करीत नाही, तो स्वतः म्हणूनच उभा राहतो. त्याचे नाव, त्याचा चेहरा, त्याचे उच्चार हेच त्याचे भांडवल असते. आशियाई चेहऱ्याच्या माणसाला हे भांडवल त्या काळी जड जाणारे होते. १९८४ मध्ये जेफ्री ब्लेनी या मान्यवर इतिहासकाराने आशियाई लोकांना घेण्याचा वेग लोकांना पेलणारा नाही असे म्हटले आणि देशभर वादळ उठले. १९९६ मध्ये पॉलीन हॅन्सन यांनी संसदेतील आपल्या पहिल्याच भाषणात आशियाई लोकांच्या लोंढ्याचे भय घातले. जो वर्ग इतरांच्या उपहासाचा विषय होता, त्यातील एक तरुण व्यासपीठावर चढून विनोदाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतो, ही घटना म्हणूनच केवळ करमणुकीची नव्हे. उपहास दुसरा करतो. विनोद आपण करतो. हसणारे लोक तेच असले तरी माणसाचे स्थान बदललेले असते.

परंतु हे स्थान बदलण्यासाठी पायाखाली जमीन स्थिर असावी लागते. उद्या आपल्याला परत धाडतील काय, या धास्तीत असलेला मनुष्य यजमानाची थट्टा करू धजत नाही. तो केवळ आभार मानतो. आन डोला ही स्थिर जमीन बालपणीच मिळाली. नंतर आलेल्यांना ती मिळाली नाही. विनापरवाना येणाऱ्यांना सक्तीने स्थानबद्ध करण्याचा कायदा १९९२ मध्ये झाला. २००१ च्या ऑगस्टमध्ये टाम्पा या नॉर्वेजियन जहाजाने बुडत्या नौकेतील चारशेहून अधिक लोकांना वाचविले, तेव्हा त्यांना उतरू देण्यास ऑस्ट्रेलियाने नकार दिला. १९८० मध्ये एका जर्मन जहाजाने केले, तेच या जहाजाने केले होते. पुढे १९ जुलै २०१३ रोजी मजूर पक्षाच्या सरकारने जाहीर केले, की नौकेने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कधीही वसू दिले जाणार नाही. त्यानंतर सत्तेवर आलेल्या पक्षाने नौका समुद्रातूनच परतविण्याची मोहीम आरंभिली, आणि २०२२ मध्ये मजूर पक्ष पुन्हा आला तरी हे धोरण मुळात बदलले नाही.

बेहरूझ बूचानी या कुर्दी-इराणी लेखकाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याला २०१३ मध्ये पापुआ न्यू गिनीतील मानूस बेटावर ठेवण्यात आले. तेथून मोबाइलवरील संदेशांच्या रूपाने त्याने एक पुस्तक लिहून बाहेर पाठविले आणि २०१९ च्या जानेवारीत त्या पुस्तकाला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च वाङ्मयीन पुरस्कार मिळाला. पुरस्कार स्वीकारण्यास मात्र तो जाऊ शकला नाही. अखेर २०२० मध्ये त्याला आसरा दिला तो न्यूझीलंडने.

या धोरणाच्या समर्थकांची बाजू अगदीच पोकळ नाही. २०१३ पूर्वीच्या काही वर्षांत हजाराहून अधिक माणसे वाटेत बुडून मेली. नौका थांबल्या म्हणून मृत्यू थांबले, असे ते म्हणतात. आन डोसुद्धा छावणीतून रीतसर निवड होऊन आला, नौकेने थेट थडकला नाही, याकडेही ते लक्ष वेधतात. हे खरे आहे. १९७६ ते १९८१ या काळात थेट नौकेने आलेले व्हिएतनामी दोन हजारांच्या आसपासच होते. परंतु या युक्तिवादातूनच दुसरा निष्कर्ष निघतो. फ्रेझर सरकारने नौकांची संख्या आटोक्यात ठेवली ती मुख्यतः छावण्यांतून मोठ्या संख्येने माणसे स्वीकारून. रीतसर मार्ग उघडा होता, म्हणून धोक्याचा मार्ग ओस पडला. आज जगातील निर्वासितांपैकी शंभरात एकालाही दर वर्षी असा आसरा मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने मानवतावादी कोटा २०२३-२४ पासून वीस हजारांवर नेला, हे स्वागतार्हच. पण १ जुलै २०१४ नंतर इंडोनेशियात संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयाकडे नोंदणी केलेल्यांना घेणार नाही, असेही त्याच देशाने ठरविले होते. रांगेत उभे राहा असे सांगावयाचे आणि रांगेची खिडकीच बंद करावयाची, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

म्हणूनच यशस्वी निर्वासिताच्या कथेचा एक धोका ओळखला पाहिजे. असा कलावंत पाहिला की आपण नकळत म्हणू लागतो, की निर्वासित असावेत तर असे: हसतमुख, कर्तबगार, कृतज्ञ. मग आसरा हा हक्क न राहता बक्षीस ठरतो. पण जिनीव्हातील प्रतिनिधींना त्या नौकेत कोण आहे, हे कोठे ठाऊक होते? त्या चाळीस माणसांपैकी एक मूल विनोदकार होईल आणि दुसरे दिग्दर्शक, हे कोणत्याही अधिकाऱ्याला निवडीच्या तक्त्यावरून कळले नसते. शिवणयंत्रावर रात्री घालविणाऱ्या त्यांच्या आईला कोणी किताब दिला नाही. तरी तिचा आसऱ्यावरील अधिकार मुलांपेक्षा कणभरही उणा नव्हता.

२०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियन सरकारने सुमारे एकोणीस हजार लोकांना कायम वास्तव्याचा मार्ग खुला केला. २०१३ ची मोहीम सुरू होण्यापूर्वी आलेली ही माणसे दहा-दहा वर्षे तात्पुरत्या परवान्यांवर काढीत होती. त्यांच्या मुलांत उद्याचा विनोदकार असेल किंवा नसेलही. बहुतेक मुले शिक्षक, कारकून, परिचारिका किंवा दुकानदार होतील, आणि तेवढे पुरेसे आहे. आता कदाचित तीही आपल्या नव्या देशाला मोकळेपणी हसू शकतील. देशानेही ते हसणे सहन करावे आणि आपल्या बंद किनाऱ्याकडे त्या निमित्ताने एकदा पाहावे.